सामायिक क्लस्टरमध्ये वजनकाट्याच्या डेटाबेसला मेमरीची हमी कशी द्यायची?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या संगणक विभागात मी काम करते. व्हीएमवेअरचा क्लस्टर, म्हणजे अनेक व्हीएम (आभासी संगणक) चालवणाऱ्या सर्व्हरचा गट, माझ्याकडे आहे. प्रश्न मेमरीचा आहे, पण आधी मांडणी सांगते, म्हणजे उत्तर देणाऱ्याला अंदाज बांधावे लागणार नाहीत.

तीन होस्ट (प्रत्यक्ष सर्व्हर) आहेत, प्रत्येकी २५६ जीबी मेमरी, दोन-दोन सॉकेट (प्रोसेसरच्या जागा). ईएसएक्सआय ७ (होस्टवर व्हीएम चालवणारा हायपरव्हायजर), डीआरएस (व्हीएमचा भार होस्टांवर वाटणारी सोय) आणि एचए (होस्ट पडला तर व्हीएम दुसऱ्यावर सुरू करणारी सोय) दोन्ही चालू. क्लस्टर एकच, वापरणारे मात्र तीन: कारखाना, डिस्टिलरी व सहवीजनिर्मिती, आणि आमच्याच शिक्षण संस्थेचं अभियांत्रिकी महाविद्यालय. वेगळा क्लस्टर घ्यायला यंदा पैसे नाहीत, संचालक मंडळाने तसं स्पष्ट सांगितलंय.

ज्यांना धक्का लागता कामा नये अशा व्हीएम या: वजनकाट्याचा एसक्यूएल सर्व्हर (डेटाबेस) ६४ जीबी, ईआरपीचा (एकत्रित कारभाराच्या सॉफ्टवेअरचा) जावा सर्व्हर ३२, दोन डोमेन कंट्रोलर (लॉगिन तपासणारे सर्व्हर) प्रत्येकी ८, सहवीजनिर्मितीच्या नोंदी साठवणारा सर्व्हर २४ आणि डिस्टिलरीचा १६. बेरीज १५२ जीबी. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेच्या ६० व्हीएम आहेत, प्रत्येकी ८ जीबी, म्हणजे ४८०. शिवाय फाइल सर्व्हर, बॅकअप, अँटिव्हायरस, चाचणीच्या प्रती अशा वीसेक व्हीएम मिळून २०० जीबी. वाटलेली मेमरी ८३२ झाली आणि तिन्ही होस्टची मिळून आहे ७६८.

एरवी हे चालून जातं, कारण प्रयोगशाळेतल्या सगळ्या व्हीएम एकदम चालू नसतात. पण आता गाळप जोरात आहे आणि तिकडे प्रात्यक्षिक परीक्षा लागल्यात. सकाळी दहाच्या सुमारास साठच्या साठ व्हीएम सुरू होतात आणि काट्यावरची पावती अडकायला लागते. एका गाडीला दोन वजनं लागतात, भरलेल्या गाडीचं आणि गव्हाणीत ऊस टाकून परत आल्यावर रिकाम्या गाडीचं. दोन्ही वेळा डेटाबेसकडे जावं लागतं. पावती एकदा रखडली की ट्रॅक्टरची रांग फाटकाबाहेर जाते. उन्हात उभ्या असलेल्या उसाचं वजन घटत राहतं आणि ते शेतकऱ्याच्या बिलातून जातं. मला या गोष्टीचा खरंच त्रास होतो, म्हणून एवढं सविस्तर लिहितेय.

तपासलं तेव्हा त्या व्हीएमचा सीपीयू दहा टक्क्यांच्या आसपास होता, डिस्कवर मात्र वाचन प्रचंड. एसक्यूएल सर्व्हरच्या लॉगमध्ये १७८९० क्रमांकाचा संदेश येतोय, प्रोसेसची बरीचशी मेमरी पेजिंगमध्ये बाहेर (डिस्कवर) गेल्याचा. व्हीसेंटरमध्ये (क्लस्टर सांभाळायच्या सॉफ्टवेअरमध्ये) त्याच वेळी त्या व्हीएमवर सुमारे १८ जीबी बलून, म्हणजे होस्टने परत घेतलेली मेमरी, दिसतो. कुठल्याच व्हीएमला रिझर्व्हेशन (राखीव मेमरी) नाही, शेअर्सही (तंगीत कोणाला प्राधान्य ते ठरवणारे गुण) जसे होते तसेच.

सल्ले तीन मिळालेत. सॉफ्टवेअर पुरवणारे म्हणतात व्हीएमची मेमरी १२८ जीबी करा. एक सहकारी म्हणतो शेअर्स हाय करा, पुरे. तिसरा म्हणतो बलून ड्रायव्हरच काढून टाका. यातलं काय करावं, की रिझर्व्हेशनच द्यावं? द्यायचं तर पूर्ण की अर्धं? आणि एखादा होस्ट पडला तर त्या रिझर्व्हेशनमुळे एचए अडणार नाही ना?

पंचगंगा_घाट

ताई, एवढा विचार नको. वजनकाट्याच्या व्हीएमच्या सेटिंगमध्ये मेमरी उघडा, 'सर्व गेस्ट मेमरी राखून ठेवा' या अर्थाची टिक आहे (गेस्ट म्हणजे व्हीएमच्या आत चालणारी प्रणाली), ती लावा. व्हीएम चालू असतानाच लागते, बंद करायची गरज नाही. आम्ही दूध संघात हेच केलंय, संकलनाच्या वेळेत आता काही अडत नाही. बलून ड्रायव्हर काढला तरी चालेल असं मला वाटतं.

खोपटकर

टिकेबद्दल दादांशी सहमत आहे, बलून ड्रायव्हरबद्दल अजिबात नाही. त्याला हात लावू नका. मी ठाण्यात एका रुग्णालयाचे सर्व्हर पाहतो. तिथे क्ष-किरण आणि सीटीच्या प्रतिमा साठवणारी व्हीएम आणि कार्यालयातली किरकोळ यंत्रं एकाच क्लस्टरवर आहेत, त्यामुळे ताईंची अडचण ओळखीची वाटली.

आधी होस्ट मेमरी परत कशी घेतो ते बघू, म्हणजे तिन्ही सल्ल्यांचा निकाल आपोआप लागेल. प्रत्येक होस्ट स्वतःजवळ थोडी मोकळी मेमरी राखतो. तिचा हिशेब असा: पहिल्या २८ जीबीसाठी ८९९ एमबी आणि उरलेल्या मेमरीचा एक टक्का. तुमच्या २५६ जीबीच्या होस्टला ही रक्कम साधारण ३.२ जीबी येते. मोकळी मेमरी याच्या चौपट, म्हणजे १२.८ जीबीच्या वर असेल तोवर होस्ट निवांत असतो. म्हणजे व्हीसेंटरमध्ये होस्ट ९४-९५ टक्के भरलेला दिसला तरी तेवढ्यावरून घाबरायचं कारण नाही. मोकळी मेमरी ३.२ जीबीच्या खाली गेली की मोठी पेजेस (मेमरीचे तुकडे) फोडून सारखी पेजेस एकत्र करण्याचं काम सुरू होतं. ती त्याच्या ६४ टक्क्यांखाली, म्हणजे दोन जीबीच्या आसपास आली की बलून फुगतो. ३२ टक्क्यांखाली मेमरी दाबून (कॉम्प्रेस करून) ठेवणं आणि डिस्कवर स्वॅप करणं. १६ टक्क्यांखाली गेलं तर व्हीएमला नवी मेमरी घेण्यापासूनच थोपवलं जातं.

या उतरंडीत बलून हा त्यातल्या त्यात समजूतदार उपाय आहे. तो गेस्टच्या आत बसून विंडोजकडे मेमरी मागतो, आणि कोणती पेजेस सोडायची ते विंडोज ठरवते. विंडोजला निदान आपलं काय उपयोगी आहे ते ठाऊक असतं. ड्रायव्हर काढलात तर मेमरीची गरज संपत नाही, होस्ट सरळ पुढच्या पायरीवर जातो आणि कुठली पेजेस डिस्कवर टाकायची ते बाहेरून, न बघता ठरवतो. त्यात एसक्यूएलचा नेमका गरम भाग गेला तर आज पावती रेंगाळते आहे, तेव्हा थांबेल.

१२८ जीबी करण्याबद्दल. तुमच्या होस्टला दोन सॉकेट, म्हणजे एका सॉकेटजवळ १२८ जीबी. त्यातली काही हायपरव्हायजर स्वतः वापरतो. १२८ ची व्हीएम एका सॉकेटच्या मेमरीत मावणार नाही, तिची काही पेजेस पलीकडच्या सॉकेटकडून आणावी लागतील. ६४ ची आरामात मावते. आणि मूळ दुखणं तसंच राहतं. हमी नसलेली १२८ जीबी म्हणजे होस्टला परत घ्यायला अजून ६४ जीबी. वाटलेली मेमरी ८३२ वरून ८९६ होईल, तंगी वाढेल. वजनकाट्याचा डेटाबेस खरंच ६४ मध्ये मावत नाही असं आकड्यांनी दिसलं तरच तो विचार करा.

शेअर्सबद्दल जरा थांबून लिहितो, कारण इथे भले भले फसतात. शेअर्स म्हणजे प्रति एमबी लो ५, नॉर्मल १०, हाय २०. तंगी नसेल तेव्हा त्यांना काहीच अर्थ नसतो. तंगी आली की ज्याच्याकडे प्रति एमबी सर्वात कमी शेअर्स, त्याच्याकडून आधी मेमरी घेतात. इतकंच असतं तर हाय करून भागलं असतं. पण त्यात निष्क्रिय मेमरीवरचा कर आहे. व्हीएमवेअरच्या कार्ल वाल्डस्पर्गर यांनी २००२ साली ओएसडीआय या संगणक प्रणालींवरच्या परिषदेत जो निबंध वाचला, त्यात बलून आणि हा कर दोन्ही मांडलेले आहेत. कर मुळात ७५ टक्के असतो, म्हणजे वापरात नसलेलं एक पेज वापरातल्या चार पेजेसइतकं महाग धरलं जातं.

आता तुमचे आकडे घाला. डेटाबेस आपल्या ६४ जीबीत सगळा काट्याचा इतिहास भरून बसलेला असतो, पण कुठल्याही एका मिनिटात तो त्यातला थोडाच भाग चाळतो. होस्ट ठरावीक वेळाने काही मोजकी पेजेस निवडून त्यांना हात लागला का एवढंच बघतो. समजा त्याला १० टक्के सक्रिय वाटली. मग हिशेब ०.१ अधिक ०.९ गुणिले ४, म्हणजे ३.७. हायचे २० भागिले ३.७, आले ५.४. प्रयोगशाळेची व्हीएम परीक्षेत ८० टक्के सक्रिय धरा. ०.८ अधिक ०.२ गुणिले ४, म्हणजे १.६. नॉर्मलचे १० भागिले १.६, आले ६.२५. म्हणजे शेअर्स दुप्पट करूनही होस्ट आधी वजनकाट्याकडूनच घेणार. तुमच्याकडे सकाळी दहाला होतंय ते बहुतेक हेच. शेअर्स फक्त क्रम लावतात, हमी देत नाहीत.

हमी फक्त रिझर्व्हेशन देतं. राखीव मेमरीला व्हीएमने एकदा हात लावला की ती कोणीही परत घेऊ शकत नाही, ना बलूनने, ना दाबून, ना स्वॅपने. सीपीयूच्या रिझर्व्हेशनहून हे वेगळं आहे. सीपीयू वापरला नाही तर दुसऱ्याला मिळतो. मेमरी एकदा हातात आली की व्हीएम बंद होईपर्यंत तिचीच. विंडोज तर सुरू होतानाच जवळजवळ सगळ्या पेजेसना स्पर्श करते, त्यामुळे ६४ राखीव म्हणजे व्यवहारात ६४ गेले असं धरून चाला.

पूर्ण की अर्धं? वजनकाट्याला पूर्ण ६४. ईआरपीच्या जावा सर्व्हरलाही पूर्ण ३२, कारण जावाचा कचरा (नको असलेला डेटा) गोळा करणारा फेरा सगळा हीप (जावाने कामाला घेतलेली मेमरी) चाळून काढतो. त्यातली चार पेजेस जरी डिस्कवर असली तरी अख्खा सर्व्हर तिथे उभा राहतो. डोमेन कंट्रोलरना पूर्ण द्या, १६ जीबीत सगळ्या इमारतीचं लॉगिन सुरक्षित होतं, एवढं स्वस्त दुसरं काही नाही. सहवीजनिर्मितीच्या नोंदींना १२ पुरेसे वाटतात, तिथे थोडा उशीर झाला तर नोंद उशिरा दिसते, वाहन अडत नाही. डिस्टिलरीचं तुम्हीच ठरवा, मला तिथलं काम माहीत नाही. समजा ८.

पूर्ण रिझर्व्हेशनसाठी आकडा टाइप करू नका, टिकच लावा. उद्या कोणी त्या व्हीएमची मेमरी ६४ ची ८० केली तर टिकेमुळे हमीही ८० होते. हाताने लिहिलेला आकडा ६४ वरच राहतो आणि वरचे १६ उघडे पडतात.

दोन गोष्टी आवर्जून तपासा. एक, कुठल्या व्हीएमवर मेमरीची लिमिट लागलेली नाही ना. जुन्या टेम्प्लेटमधून ती गुपचूप येते. लिमिट असेल तर होस्टवर शंभर जीबी मोकळी असली तरी त्या व्हीएमवर बलून फुगतो. दोन, एसक्यूएल सर्व्हरची कमाल मेमरी ५४ च्या आसपास ठेवा, विंडोजला श्वास घ्यायला जागा हवी. मेमरीत पेजेस कुलूपबंद ठेवायचा अधिकार एसक्यूएलच्या सेवा-खात्याला द्यायचा असेल तर तो रिझर्व्हेशननंतरच द्या. उलट क्रमाने केलंत तर बलूनला एसक्यूएलची मेमरी सोडवता येत नाही, तो उरलेल्या विंडोजला पिळतो आणि शेवटी होस्ट स्वॅपवर जातो.

पंचगंगा_घाट

शेअर्सचा हा हिशेब मला ठाऊक नव्हता, चांगलं समजलं. एक विचारतो. सहा व्हीएमना वेगवेगळी टिक लावत बसण्यापेक्षा 'अत्यावश्यक' नावाचा एक रिसोर्स पूल (व्हीएमचा गट) करून त्याला हाय शेअर्स आणि १५२ जीबी रिझर्व्हेशन दिलं तर सुटसुटीत नाही का होणार?

खोपटकर

सुटसुटीत दिसतं, पण दोन अडचणी आहेत.

पूलचं रिझर्व्हेशन पूलच्या नावावर असतं. आत ते डीआरएस गरजेप्रमाणे फिरवत राहतं. त्या पूलमध्ये कोणी सातवी भुकेली व्हीएम टाकली तर वजनकाट्याची हमी पातळ होते, आणि वजनकाट्याच्या पानावर काहीच बदललेलं दिसत नाही. जिथे एकाच व्हीएमला हमी हवी तिथे ती त्या व्हीएमवरच लिहिलेली बरी.

दुसरी अडचण शेअर्सची. रिसोर्स पूलला हाय दिलं की त्याला ३,२७,६८० शेअर्स मिळतात, आत सहा व्हीएम असोत की साठ. प्रयोगशाळेची ८ जीबीची एकेक व्हीएम पूलच्या बाहेर, मुळाशी राहिली तर तिचे ८१,९२० आणि साठांचे मिळून ४९,१५,२००. म्हणजे तुमच्या 'अत्यावश्यक' पूलला दोघांमधला सोळावा हिस्सा, ६.२५ टक्के. नाव अत्यावश्यक आणि वाटा सर्वात लहान. व्हीस्फिअर ७ मध्ये पूलचे शेअर्स आतल्या व्हीएमच्या प्रमाणात वाढवायची सोय आली आहे. पूल करणारच असाल तर ती चालू करा, आणि पूल व सुट्या व्हीएम एकाच पातळीवर ठेवू नका.

पूल महाविद्यालयासाठी करा. साठ व्हीएम एका पूलमध्ये, शेअर्स लो, रिझर्व्हेशन शून्य, लिमिट नको. उरलेल्या सगळ्या दुसऱ्या पूलमध्ये. ही विभागणी वापर कुणाचा किती हे दाखवायलाही कामाला येते.

कृष्णाकाठ

खोपटकर दादा, मनापासून आभार. लिमिट शोधल्या, चाचणीच्या दोन प्रतींवर निघाल्या, महत्त्वाच्या व्हीएमवर नव्हत्या. डिस्टिलरीला १६ पैकी ८ चालेल असं तिथल्या साहेबांनी सांगितलं. म्हणजे एकूण रिझर्व्हेशन ६४, ३२, १६, १२ आणि ८ मिळून १३२ जीबी.

पण टिक लावण्याआधी एचए उघडून पाहिलं आणि थांबले. आमच्याकडे ॲडमिशन कंट्रोल (होस्ट पडला तरी जागा पुरेल का ते पाहूनच व्हीएम चालू होऊ देणारी तपासणी) स्लॉट पद्धतीवर आहे, एक होस्ट पडेल असं धरून. क्लस्टर जुन्या आवृत्तीपासून वर आणत आणलेला आहे, तिथूनच ते आलं असावं. ६४ जीबी रिझर्व्हेशन दिलं तर स्लॉटचं काय होईल?

खोपटकर

थांबलात हे फार चांगलं केलंत. आहे तसं टिक लावली असती तर परीक्षेच्या दिवशी प्रयोगशाळेच्या व्हीएम चालूच झाल्या नसत्या.

स्लॉट म्हणजे एका व्हीएमसाठी धरलेली जागा, आणि तिचा आकार क्लस्टरमधल्या सर्वात मोठ्या रिझर्व्हेशनवरून ठरतो. आज कोणालाच रिझर्व्हेशन नाही, म्हणून स्लॉट फक्त व्हीएमच्या ओव्हरहेडएवढा (ती चालवायला होस्टला लागणाऱ्या जादा मेमरीएवढा), अगदी चिमुकला आहे आणि स्लॉट भरपूर आहेत. वजनकाट्याला ६४ दिलेत की स्लॉट ६४ जीबी आणि वर थोडं ओव्हरहेड. २५६ जीबीच्या होस्टमध्ये असे तीनच बसतात, चौथ्याला जागा नाही. तीन होस्टचे नऊ स्लॉट. एक होस्ट राखीव, उरले सहा. तुमच्याकडे चालू व्हीएम ऐंशीहून जास्त. जी चालू आहे ती बंद पडणार नाही, पण नवीन एकही चालू करता येणार नाही.

स्लॉटला वरची मर्यादा घालायचं एक प्रगत सेटिंग आहे, पण मी त्या वाटेला जाऊ नका म्हणेन. टक्केवारीची पद्धत घ्या. एक होस्ट पडेल असं सांगितलं की तीन होस्टच्या क्लस्टरसाठी ती स्वतःच ३३ टक्के बाजूला ठेवते. रिझर्व्हेशनची बेरीज आणि सगळ्या व्हीएमचं ओव्हरहेड उरलेल्या ६७ टक्क्यांत बसलं पाहिजे, एवढीच अट. तुमचे १३२ तिथे निर्धास्त बसतात.

इथे महाविद्यालयाच्या लोकांशी तुम्ही आधीच बोलून घ्या असं माझं कळकळीचं सांगणं आहे. टक्केवारीची पद्धत रिझर्व्हेशन नसलेल्या व्हीएमकडून फक्त ओव्हरहेड मोजते. तिच्या दृष्टीने साठ व्हीएम म्हणजे जवळजवळ काहीच नाही, ती त्यांना चालू होऊ देईल. पण एक होस्ट खरोखर पडला तर हातात ५१२ जीबी राहतात, त्यातले हायपरव्हायजरचे आणि तुमचे १३२ गेले की साडेतीनशेच्या वर थोडेच उरतात. मागणी ७०० ची. त्यातल्या ४८० प्रयोगशाळेच्या आहेत, त्या सरळ स्वॅपवर जातील. तुम्ही दिलेली हमी कोणाच्या तरी वाट्यातून येते, आणि ज्याच्या वाट्यातून येते त्याला ते परीक्षेच्या आधी माहीत असायला हवं. प्रयोगशाळेच्या व्हीएमना खरंच ८ जीबी लागतात का ते त्यांच्यासोबत बसून बघा. पाच झाले तरी १८० जीबी सुटतात, आणि मग सगळे होस्ट चालू असताना ८३२ चे ६५२ होतात. हा बदल रिझर्व्हेशनइतकाच मोलाचा आहे.

एचएमध्ये 'व्हीएमने किती टक्के घट सोसावी' असंही एक सेटिंग असतं, ते मुळात १०० असतं म्हणजे कधीच कुरकुरत नाही. २५ वर आणा. ते काही अडवत नाही, पण एक होस्ट गेला तर वापर मावणार नाही असं दिसलं की इशारा देतं. आणि पुन्हा सुरू होण्याचा क्रम लावा: डोमेन कंट्रोलर पहिले, मग वजनकाट्याचा डेटाबेस, मग ईआरपी. प्रयोगशाळा शेवटी. दोन्ही डोमेन कंट्रोलर एकाच होस्टवर बसू नयेत हा नियमही डीआरएसमध्ये घाला.

राहिली एक बारीक गोष्ट. क्लस्टरमध्ये एकूण जागा असणं आणि एकाच होस्टवर ६४ जीबी सलग बिनराखीव असणं यात फरक आहे. तुमची रिझर्व्हेशन्स कमी आहेत, म्हणून आज अडचण नाही. पण पुढच्या हंगामात कोणी आणखी पाच-सहा विभागांना हमी वाटत सुटलं तर वजनकाटा उचलायला एकाही होस्टवर जागा नसेल, आणि व्हीमोशनही (चालू व्हीएम दुसऱ्या होस्टवर हलवणं) नाकारलं जाईल. म्हणून हमी कोणाला द्यायची याची यादी एका माणसाकडेच असू द्या, आणि ती लेखी असू द्या.

मांडवी_तीर

पणजीहून लिहितोय. आमच्याकडे एक मध्यम हॉटेल समूह आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर घेतल्यावर परवान्यांचं गणित बदललं आणि आम्ही प्रॉक्समॉक्सवर (व्हीएम चालवणाऱ्या दुसऱ्या प्रणालीवर) गेलो. कृष्णाकाठ ताईंना आज याचा उपयोग नाही, पण धागा वाचणारे बरेच जण त्या वाटेवर असतील, म्हणून सांगतो: खोपटकरांनी सांगितलेली हमी तिथे त्याच रूपात मिळत नाही.

प्रॉक्समॉक्समध्ये व्हीएमला कमाल आणि किमान असे दोन मेमरीचे आकडे देता येतात. होस्टचा वापर ८० टक्क्यांच्या वर गेला की बलून फुगून व्हीएमला किमान आकड्याकडे ढकलतो. दोन्ही आकडे सारखे ठेवलेत तर त्या व्हीएमवर बलून येत नाही. पण ही होस्टने दिलेली हमी नव्हे. व्हीएम चालू करताना रिझर्व्हेशनची बेरीज तपासणारा कोणी नसतो. आधीच भरलेल्या होस्टवर तुम्ही आणखी एक व्हीएम चालू केलीत तर ती होते. मेमरी अगदीच संपली की लिनक्सचा ओओएम किलर उठतो आणि सहसा सर्वात जास्त मेमरी धरलेली प्रोसेस मारतो. सर्वात मोठी प्रोसेस म्हणजे बहुतेक वेळा तुमची सर्वात महत्त्वाची व्हीएम. तिथे डेटाबेस हळू होत नाही, एका क्षणात बंद पडतो.

म्हणून आम्ही बेरीज हाताने करतो. प्रत्येक होस्टवर महत्त्वाच्या व्हीएमची कमाल मेमरी, झेडएफएस (डिस्कवरची फाइल व्यवस्था) वापरत असाल तर त्याच्या कॅशची ठरवून दिलेली कमाल, आणि होस्टसाठी काही जीबी, हे सगळं मिळून एक होस्ट बंद असतानाही मावलं पाहिजे. हॉटेलच्या खोल्यांच्या आरक्षणाच्या डेटाबेसला आम्ही ह्यूजपेजेस (लिनक्सची मोठी पेजेस) दिली आहेत. ती मेमरी आधीच बाजूला काढलेली असते आणि स्वॅप होत नाही, त्यामुळे व्हीएमवेअरच्या रिझर्व्हेशनच्या सर्वात जवळ जाणारी तीच गोष्ट आहे. ह्यूजपेजेस पुरेशी नसतील तर व्हीएम चालूच होत नाही, आणि मला ते हवंच आहे. मार मध्यरात्री बसण्यापेक्षा नकार सकाळी मिळालेला बरा.

कृष्णाकाठ

सर्वांचे आभार. मांडवी तीर दादा, तुमचं लिहिणं छापून ठेवलंय, पुढच्या वर्षी परवाना संपतोय तेव्हा लागणार.

काय केलं ते लिहिते, पुढे कुणाला उपयोग होईल. ॲडमिशन कंट्रोल टक्केवारीवर नेलं. मग रात्रपाळीत गाड्या कमी असताना पाच व्हीएमना ठरल्याप्रमाणे रिझर्व्हेशन आणि डिस्टिलरीला ८. महाविद्यालयाच्या विभागप्रमुख मॅडमसोबत बसून प्रयोगशाळेच्या व्हीएम बघितल्या. मोठं सॉफ्टवेअर लागणाऱ्या बारा व्हीएम ८ जीबीवरच ठेवल्या, बाकी अठ्ठेचाळीस ४ वर आणल्या, १९२ जीबी सुटले. होस्ट पडला तर प्रयोगशाळा शेवटी उभी राहील हेही त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "ऊस आधी, हे आम्हाला कळतं. फक्त परीक्षेच्या दिवशी फोन करा." तो नियम लेखी केला.

काटा आता सकाळी दहालाही सुरळीत आहे. वजनकाट्याच्या व्हीएमवरचा बलून शून्यावर आला, १७८९० चा संदेश परत आलेला नाही.

एकच शंका उरली. ईआरपीच्या जावा सर्व्हरवर पूर्ण ३२ चं रिझर्व्हेशन आहे, तरी व्हीसेंटर त्याच्यावर अजून ३ जीबी स्वॅप झालेली दाखवतंय. हमी लागू झाली नाही का?

खोपटकर

लागू झाली आहे. ती ३ जीबी रिझर्व्हेशन देण्याआधी डिस्कवर गेलेली पेजेस आहेत. होस्ट ती आपणहून परत आणत नाही, गेस्टने हात लावला की एकेक करून येतात. ज्यांना कुणी हात लावत नाही ती तिथेच पडून राहतात आणि त्रासही देत नाहीत. साठलेला आकडा बघू नका, स्वॅपमधून वाचण्याचा वेग बघा. ईएसएक्सटॉप (होस्टवरचं मोजमापाचं साधन) उघडून मेमरीसाठी एम दाबा, त्या व्हीएमच्या ओळीत स्वॅप वाचन आणि लेखन प्रति सेकंद हे दोन रकाने आहेत. लेखन शून्यच दिसायला हवं. वाचन अधूनमधून दिसलं तर तो जुना साठा परत येतोय.

जावाचा मोठा फेरा ज्या क्षणी सगळा हीप चाळेल तेव्हा मात्र ही ३ जीबी एकदम मागितली जाईल आणि ईआरपी थोडा वेळ अडखळेल. ते टाळायचं असेल तर पंधरवड्याच्या बिलाचं काम नसेल अशा रात्री व्हीएम पूर्ण बंद करून चालू करा. गेस्टच्या आतून रीस्टार्ट नको, बंदच करा. पुन्हा चालू होताना स्वॅप फाइल मेमरी वजा रिझर्व्हेशन या आकाराची बनते, तुमच्या बाबतीत शून्य. डेटास्टोअरवरचे ३२ जीबीही मोकळे होतील. वजनकाट्याचं तेच हंगाम संपल्यावर करा, तिथे घाई नाही.

कृष्णाकाठ

लेखन शून्य आहे, वाचन मधूनच दिसतं. रविवारी रात्री ईआरपी बंद करून चालू करते.